ऑबर्न २०१३: एका सेकंदाचा चमत्कार आणि सहा वेळा दिलेला तोच चेंडू

पुण्याच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. २०१३ सालच्या ऑबर्न विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा शेवटच्या सेकंदाचा व्हिडिओ त्याने पाहिला. हुकलेली किक झेलून कुणी पळत सुटतो आणि जिंकतो, याला नियमात परवानगी कशी? आणि आदल्या वर्षी १२ पैकी ९ सामने हरलेला संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचलाच कसा, निव्वळ नशीब का?

मी मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त अलाबामात आलो आणि इथलाच झालो. गेली अठरा वर्षं दर शुक्रवारी संध्याकाळी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट चढवून शाळांच्या सामन्यांत कडेचा पंच म्हणून उभा असतो. त्यामुळे नियमाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. नशिबाचं जरा लांबेल.

फील्ड गोल म्हणजे जमिनीवर टेकवून धरलेला चेंडू लाथेने उडवून दोन खांबांमधून पार करायचा, तीन गुण. हे खांब गोलरेषेवर नसतात, तिच्या मागे दहा यार्डांचा एंड झोन असतो आणि त्याच्या अगदी शेवटच्या रेषेवर असतात. किक हुकली तरी बहुतेक वेळा चेंडू त्या रेषेपलीकडे जाऊन पडतो आणि तिथेच मरतो. म्हणून लोकांना वाटतं, हुकली की संपलं. पण किक आखूड पडली आणि चेंडू मैदानाच्या आत कुणी झेलला, तर तो जिवंतच असतो. क्रिकेटमध्ये सीमारेषेच्या आत पकडलेला चेंडू जसा खेळात असतो, तसंच. झेलणारा पळू शकतो, शंभर यार्ड पळत समोरची गोलरेषा ओलांडली तर टचडाऊन, सहा गुण.

एक गंमत म्हणजे आमच्या शाळेच्या सामन्यात हे घडलंच नसतं. शाळांचे नियम वेगळे आहेत. तिथे हुकलेली किक एंड झोनमध्ये झेलली की शिट्टी, चेंडू मृत, वीस यार्डांवरून पुढचा खेळ. कॉलेजच्या नियमांत ती शिट्टी नाही. अर्थात गोलरेषेच्या अलीकडे पडलेली किक शाळेतही जिवंत असते, आणि हे खेळणाऱ्या पोरांनाही ठाऊक नसतं. एका ज्युनिअर सामन्यात माझ्या डोळ्यांदेखत आखूड किक सात यार्डांच्या रेषेपाशी टप्पे खात थांबली. किक मारणाऱ्या संघाची पोरं हेल्मेट काढत बाकाकडे निघाली होती. समोरच्या संघातल्या एका बारक्याने चेंडू उचलला, माझ्याकडे पाहिलं, मी काहीच बोललो नाही, आणि तो सुटला. पन्नास यार्ड त्याच्या मागे कुणी नव्हतं. माझी शिट्टी त्या वेळी गळ्यात लोंबत होती ते बरं, ओठांत असती तर सवयीने वाजली असती. तेव्हापासून किक उडाली की मी शिट्टी हातातही धरत नाही.

आता ऑबर्नकडे. अलाबामा राज्यात दोन मोठी विद्यापीठं आहेत, टस्कलूसाचं अलाबामा आणि ऑबर्न गावातलं ऑबर्न. दोघांच्या वार्षिक सामन्याला आयर्न बोल म्हणतात. इथे नवीन माणूस राहायला आला की शेजारी नावाच्या आधी विचारतात, तू कुणाचा? मी पहिली दोन वर्षं "कुणाचाच नाही" म्हणायचो. त्याचा अर्थ लोक "याला अजून कळलं नाही" असा घ्यायचे.

२०१० साली ऑबर्न १४ पैकी १४ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला होता. दोन वर्षांत ते सगळं मातीत गेलं. २०१२ मध्ये ३ विजय, ९ पराभव, आणि आपल्या गटात, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, ८ पैकी ८ हार. जॉर्जियाने ३८-०ने हरवलं, शेवटच्या सामन्यात अलाबामाने ४९-०ने. प्रशिक्षकाला नारळ मिळाला. त्याच्या जागी गस मॅलझान आला. २०१०च्या विजेत्या संघाची आक्रमणाची बाजू यानेच सांभाळली होती. त्याआधी कितीतरी वर्षं तो आर्कान्सामध्ये शाळेच्या संघांना शिकवत होता.

इथे पहिला मुद्दा नीट लक्षात घ्या. ३-९ची टीम म्हणजे फालतू पोरांची टीम नव्हे. बरेचसे खेळाडू मॅलझान तिथे असतानाच निवडले गेले होते, त्याच्या पद्धतीसाठी. २०१२ मध्ये त्यांना वेगळ्याच पद्धतीने खेळवलं गेलं, आणि तरीही ट्रे मेसन या रनिंग बॅकने, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याने, त्या पडक्या वर्षात १००२ यार्ड धाव काढली होती. माल घरात होता, वापरणारा नव्हता.

कमी होता तो क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक डावात चेंडू आधी हातात घेऊन तो फेकणारा किंवा देणारा. निक मार्शल हा मुलगा आधी जॉर्जिया विद्यापीठात होता, तोही बचावात, कॉर्नरबॅक म्हणून, म्हणजे कडेला झेलणाऱ्यांवर पहारा देणारा. शिस्तीच्या कारणावरून त्याला तिथून काढलं. तो कॅन्ससमधल्या गार्डन सिटीच्या दोन वर्षांच्या कॉलेजात जाऊन क्वार्टरबॅक म्हणून खेळला आणि २०१३च्या उन्हाळ्यात ऑबर्नला आला. फेकण्यात तो बेताचा होता, पण पळण्यात बचाववाल्याचे पाय आणि चेंडू लपवण्यात जादूगाराचे हात.

तेवढ्यावर मॅलझानने काय उभं केलं ते सांगतो, कारण सगळा हंगाम यातच आहे. या डावाला झोन रीड म्हणतात. चेंडू मागे आला की क्वार्टरबॅक तो शेजारून जाणाऱ्या रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो, पण सोडत नाही. नजर समोरच्या बचावफळीच्या टोकावरच्या एकाच माणसावर. त्या माणसाला मुद्दाम कुणीही अडवलेलं नसतं. तो आत धावून आला, तर क्वार्टरबॅक चेंडू ओढून घेतो आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेतून बाहेरून पळतो. तो बाहेर थांबला, तर चेंडू रनिंग बॅकला सोडून देतो. म्हणजे समोरच्याने काहीही केलं तरी चूकच. सांगलीत कबड्डी खेळलेल्यांना हे समजावून सांगायला नको. चढाईला आलेला माणूस एकाच कोपरारक्षकाकडे पाहत असतो, त्याने पाय टाकला की उलट्या बाजूला वळतो.

शिवाय ज्याला अडवलं नाही तो माणूस वाचल्याने ऑबर्नकडे दुसऱ्या ठिकाणी एक जास्तीचा अडवणारा उरायचा. जे प्रोश नावाचा ठेंगणा, रुंद फुलबॅक हे काम करायचा. चेंडू त्याच्या हातात क्वचितच दिसायचा, पण मेसनच्या लांब धावा परत पाहा, वाट मोकळी करणारा बहुतेक वेळा हाच असतो. डावीकडे ग्रेग रॉबिन्सन होता, पुढच्या वर्षी व्यावसायिक संघांच्या निवडीत तो दुसऱ्या क्रमांकावर गेला. आणि हे सगळं घाईघाईत. एक डाव संपला की मध्ये गोल करून कुजबुज नाही, लगेच रांगेत, लगेच पुढचा डाव. समोरच्याला खेळाडू बदलायला सवडच नाही. त्या वेगाचा इतरांना एवढा जाच झाला की २०१४च्या सुरुवातीला प्रत्येक डावाआधी बचावाला दहा सेकंद मिळावेत असा नियम पुढे आला होता. अलाबामाचे तेव्हाचे प्रशिक्षक निक सेबन त्याच्या बाजूचे होते. ओरड झाली आणि तो मागे घेतला गेला.

ही घडी लगेच बसली नाही. मिसिसिपी स्टेटविरुद्ध शेवटचे दहा सेकंद उरले असताना टचडाऊन झाला आणि २४-२०ने कसेबसे सुटले. पुढच्या आठवड्यात बॅटन रूजला भर पावसात लुइझियाना स्टेटने (एलएसयू) मध्यंतरालाच २१-० केलं, सामना ३५-२१ने गेला. माझ्या मते हंगाम तिथे वळला. दुसऱ्या अर्ध्यात ऑबर्न त्यांच्या बरोबरीने खेळला होता, किंबहुना सरस. त्यानंतर नियमित हंगामात हा संघ पुन्हा हरला नाही. ऑक्टोबरमध्ये टेक्सास ए अँड एमला त्यांच्याच मैदानावर ४५-४१ने हरवलं, तेही त्यांचा नावाजलेला क्वार्टरबॅक जॉनी मॅन्झेल समोर असताना. नोव्हेंबरात टेनेसीविरुद्ध मार्शलने चेंडू फक्त सात वेळा फेकला. त्यातले तीन पोचले, ३५ यार्ड. आणि तो स्वतः पळाला २१४ यार्ड. निकाल ५५-२३. हे आकडे एखाद्या जुन्या काळचे वाटतात, जेव्हा चेंडू फेकणं कमीपणाचं मानत.

जॉर्जियाविरुद्धचा सामना मात्र मी कुणापुढेही डावपेचांचा विजय म्हणून मांडणार नाही. ३७-१७ अशी आघाडी ऑबर्नने शेवटच्या पावभागात घालवली. ३७-३८. दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात. हा चौथा आणि शेवटचा डाऊन, अजून १८ यार्ड काढायचे होते, आपल्याच २७ यार्डांच्या रेषेवरून. मार्शलने आकाशात फेकला. जॉर्जियाचे दोघे बचाववाले चेंडूखाली होते आणि दोघांनाही तो झेलायचा होता. अशा वेळी बचाववाल्याने चेंडू फक्त खाली झोडपायचा असतो, झेलायचा नसतो, हे दहावीतल्या पोरालाही सांगतात. दोघे एकमेकांच्या वाटेत आले, चेंडू बोटांवरून पुढे उडाला आणि मागून धावत आलेल्या रिकार्डो लुईच्या हातात पडला. ७३ यार्ड, २५ सेकंद शिल्लक, ४३-३८. हे नशीब. नाव ठेवायचंच तर दुसरं कुठलं ठेवणार?

दोन आठवड्यांनी, ३० नोव्हेंबरला आयर्न बोल. अलाबामा पहिल्या क्रमांकावर, अपराजित, लागोपाठ तिसऱ्या विजेतेपदाच्या वाटेवर. ऑबर्न चौथा. मैदान ऑबर्नचं, जॉर्डन-हेअर, तेव्हा बसायची सोय ८७,४५१. (नाव लिहितात जॉर्डन, स्थानिक म्हणतात "जर्डन". "जॉर्डन" म्हणालात की तुम्ही बाहेरचे.) मी शेजाऱ्याच्या घरी होतो. थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, टर्कीचं उरलेलं सँडविच हातात.

अलाबामाच्या किकरचा तो दिवस वाईट होता. दोन किका हुकल्या आणि शेवटी शेवटी तिसरी अडवली गेली. त्याआधी ऑबर्नच्या १३ यार्डांच्या रेषेवर चौथ्या डाऊनला एक यार्ड हवा होता. सोपी किक मारून दहाची आघाडी घ्यायची सोडून सेबनने धाव घ्यायला लावली आणि ती अडली. माझ्या मते सामना तिथे निसटला, शेवटच्या सेकंदाला नाही. ज्याचा स्वतःच्या किकरवरचा विश्वास उडतो, त्याचे पुढचे निर्णय त्या भीतीतून होतात.

अडवलेल्या किकनंतर ऑबर्न २१-२८ने मागे. ६५ यार्ड जायचंय. सहा वेळा लागोपाठ चेंडू मेसनला दिला. सहाही वेळा तोच डाव, थोडे थोडे यार्ड. घड्याळ पळतंय आणि हे आपले पळवतायत. शेजारी ओरडत होता, "आता तरी फेका!" सातव्या वेळी मार्शलने पुन्हा तेच केलं, चेंडू मेसनच्या पोटाशी, मग ओढून घेऊन डावीकडे धाव. कडेला सॅमी कोट्सला पहारा देणारा कॉर्नरबॅक सहा वेळा तेच पाहून आलेला. मार्शल पळतोय म्हटल्यावर तो कोट्सला सोडून पुढे धावला. मार्शलने डाव सुरू झालेल्या रेषेच्या एक पाऊल अलीकडे थांबून (ती ओलांडली की फेकता येत नाही) चेंडू अलगद त्याच्या डोक्यावरून टाकला. कोट्सच्या आसपास दहा यार्डांत कुणी नव्हतं. ३९ यार्ड, २८-२८, ३२ सेकंद.

मला विचाराल तर त्या हंगामातला सगळ्यात देखणा डाव हा. व्हिडिओतली शेवटची किक नव्हे, ही फेक. अडवला न गेलेला माणूस आधी बचावफळीच्या टोकाचा होता, आता मॅलझानने तो थेट कडेच्या कॉर्नरबॅकला बनवला. त्यात नियमाची एक फट आहे. कॉलेजात फेक होण्याआधी आक्रमणाचे धिप्पाड लाइनमन तीन यार्डांपर्यंत पुढे जाऊ शकतात, त्यामुळे समोरच्याला ती धावच वाटते. शाळेत आम्ही दोन यार्ड देतो. व्यावसायिक खेळात एकच आहे. २०१५ मध्ये कॉलेजातही तो एकवर आणायचा प्रस्ताव आला होता, बारगळला. तीन यार्ड आहेत की साडेतीन, हे धावत्या गर्दीत पाहणं काय असतं ते माझ्यासारख्यालाच विचारा.

मग तो सेकंद. अलाबामाचा टी. जे. येल्डन चेंडू घेऊन ऑबर्नच्या ३८ यार्डांच्या रेषेपाशी बाहेर गेला आणि घड्याळ शून्यावर. सेबनने दाद मागितली. चित्रफितीत पाऊल रेषेबाहेर टेकलं तेव्हा एक सेकंद उरला होता. पंचांनी तो परत दिला आणि नियमाने ते अगदी बरोबर होतं. सेबनने लांबच्या किकसाठी दुसरा, नवखा किकर पाठवला, अ‍ॅडम ग्रिफिथ. अंतर ५७ यार्ड. मॅलझानने टाइमआउट घेतला आणि त्यानंतर खांबांखाली ख्रिस डेव्हिसला उभं केलं. डेव्हिस कॉर्नरबॅक, शिवाय पंट, म्हणजे समोरच्या संघाने लाथेने लांब उडवून दिलेला चेंडू, परत आणणारा. तीनच आठवड्यांपूर्वी टेनेसीविरुद्ध त्याने एक पंट थेट टचडाऊनपर्यंत परत नेला होता. म्हणजे तो तिथे चुकून उभा नव्हता.

सेबन मूर्ख ठरला असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. एका सेकंदात दुसरं करणार काय, तर आंधळी लांब फेक. चूक किकची नव्हे, किकनंतरची. फील्ड गोलसाठी मैदानात कोण असतं पाहा: किक मारणारा, चेंडू धरणारा आणि बाकी भिंत, दीडशे-दीडशे किलोपर्यंतची माणसं, खांद्याला खांदा लावून. त्यांचं काम जागेवर उभं राहणं. त्यांना कुणी "हुकली तर पसरा, कडा धरा" असं वर्षभरात कधी सांगितलं असेल, तर त्या रात्री ते कुणाला आठवलं नाही. डेव्हिसने मागच्या रेषेपासून हातभर अंतरावर चेंडू झेलला, क्षणभर मध्ये वळल्यासारखं केलं आणि डावी कड धरली. आजूबाजूला ऑबर्नची चपळ पोरं, समोर लाइनमन. लोक १०९ यार्ड म्हणतात. अधिकृत आकडेवारीत १००च, कारण एंड झोनमधली धाव कॉलेजच्या हिशेबात धरत नाहीत. ३४-२८.

शेजारी अलाबामावाला होता. त्याने टीव्ही बंद केला, आणि बराच वेळ आम्ही दोघं काळ्या पडद्याकडे बघत बसलो. किका हुकलेल्या केड फॉस्टरला नंतर लोकांनी इतक्या घाण धमक्या दिल्या की माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याला धीराची चिठ्ठी पाठवली. विशीतला पोरगा होता तो.

ऑबर्नमध्ये विजयानंतर टूमर्स कॉर्नरच्या ओक झाडांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकायची रीत आहे. २०१०च्या आयर्न बोलनंतर एका अलाबामा-भक्ताने त्या झाडांच्या मुळांत विष घातलं होतं. एप्रिल २०१३ मध्ये ती तोडावी लागली. त्याच आठवड्यात झालेल्या आपसातल्या सराव सामन्याला ८३,४०१ लोक आले होते, ३-९ झालेल्या संघाच्या सरावाला! झाडांचा निरोप हे एक कारण होतंच. त्या नोव्हेंबरच्या रात्री चौकात झाडं नव्हती, लोकांनी तारांवर कागद फेकले.

पुढच्या शनिवारी गटाच्या अंतिम सामन्यात मिझुरीविरुद्ध पुन्हा तोच डाव. ५४५ यार्ड नुसते धावून. मेसनने ४६ वेळा चेंडू घेतला, ३०४ यार्ड, चार टचडाऊन, ५९-४२. तरीही राष्ट्रीय अंतिम सामना ऑबर्नच्या हातात नव्हता. तेव्हा पहिल्या दोन क्रमांकांनाच ती संधी मिळायची (चार संघांची पद्धत पुढच्या वर्षी आली), आणि ऑबर्न तिसरा होता. त्याच रात्री दुसऱ्या क्रमांकाचा ओहायो स्टेट मिशिगन स्टेटकडून ३४-२४ने हरला. तेव्हा नशिबाचा हिशेब करायचा तर हेही त्या खात्यात मांडा. पण सरासरी दर सामन्याला ३२८ यार्डांची धाव, देशात पहिली, ही त्या खात्यात बसत नाही.

६ जानेवारी २०१४, पासाडिना. समोर अपराजित फ्लोरिडा स्टेट. ऑबर्न २१-३ने पुढे गेला, मग ती आघाडी विरघळत गेली. १ मिनिट १९ सेकंद उरले असताना मेसनने ३७ यार्डांची धाव घेऊन ३१-२७ केलं. त्याचे हंगामाचे १८१६ यार्ड झाले, बो जॅक्सनचा १९८५चा १७८६चा ऑबर्नचा विक्रम मोडला. आणि ऑबर्नच्या बचावाला उरलेला तेवढाच वेळ काढायचा होता.

फ्लोरिडा स्टेटच्या जेमिस विन्स्टनने ८० यार्ड सात डावांत काढले. गोलरेषेपाशी तिसऱ्या डाऊनला झेलणाऱ्याला आधीच धरल्याबद्दल ऑबर्नच्या कॉर्नरबॅकवर पंचांचा नियमभंगाचा पिवळा रुमाल पडला आणि चेंडू दोन यार्डांवर आला. पुढच्या फेकीला केल्विन बेंजामिन, सहा फूट पाच इंच, उडी मारून वर गेला. त्याच्यावर पहारा देणारा जवळजवळ अर्धा फुटाने बुटका होता. तो शक्य तेवढा ताणला, हात पोचला नाही. ३४-३१, १३ सेकंद शिल्लक.

रुमाल पडला तोही त्याच्यावरच आणि खाली उभा होता तोही तोच, ख्रिस डेव्हिस. ३७ दिवसांपूर्वी त्याने ती धाव घेतली होती, आणि त्यानंतर तो वर्गात शिरला तेव्हा सगळा वर्ग उभा राहून टाळ्या वाजवत होता.